फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन जमिनीवर ठीक, हवेत बंद : नीडलला हात लावण्यापूर्वी काय तपासावे

मॉडेल विमानांवर ०.५० ते ०.९० घनइंचाचे, म्हणजे साधारण ८ ते १५ घनसेंटिमीटरचे फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी प्लगमधील तापलेल्या तारेने पेटणारे, मिथेनॉलवर चालणारे इंजिन) बसवणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे जशीच्या तशी ऐकू येते. इंजिन स्टँडवर उत्तम चालते, थ्रॉटलला साथ देते, आयडलही, म्हणजे थ्रॉटल खाली असतानाची मंद चालही, बरे असते. विमान हवेत गेल्यावर मात्र दोन-तीन मिनिटांत ते अचानक बंद पडते. कसेबसे उतरवून पुन्हा चालू करावे, तर काही झालेच नव्हते अशा रीतीने ते सुरू होते. मग मैदानावरची अनुभवी मंडळी नीडल, म्हणजे कार्ब्युरेटरमधील इंधनाचा प्रवाह कमी-जास्त करणारी सुई, थोडी इकडे, थोडी तिकडे फिरवून देतात, पुढचे उड्डाण निभावते आणि त्याच्या पुढच्या उड्डाणात तोच प्रकार पुन्हा घडतो.

माझे स्पष्ट मत असे आहे की या तक्रारीत नीडलचा दोष क्वचितच असतो. दोष इंधनाच्या वाटेत, प्लगमध्ये, टॅपेटच्या (व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधील) फटीत किंवा अर्धवट राहिलेल्या रनिंग-इनमध्ये (नव्या इंजिनाचे भाग घासून जुळेपर्यंत ते जपून चालवण्यात) असतो आणि नीडल फिरवल्याने तो काही मिनिटांपुरता झाकला जातो. म्हणून खाली दिलेल्या क्रमाने तपासणी करावी आणि ती पूर्ण होईपर्यंत नीडल आहे तिथेच राहू द्यावी.

बंद पडण्याचा क्षण

सर्वप्रथम इंजिन नेमके कोणत्या क्षणी बंद पडले ते आठवून लिहून ठेवावे, कारण ‘हवेत बंद पडले’ या एका वाक्यात निदान तीन वेगळे दोष असू शकतात. पूर्ण थ्रॉटलवर, विशेषतः चढताना किंवा लूपच्या पहिल्या निम्म्या भागात, आवाज आधी तीक्ष्ण होत गेला, मग ओढ कमी झाली आणि इंजिन थांबले, तर मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त असे, झाले होते. उतरण्यासाठी थ्रॉटल खाली घेतल्यावर दहा-पंधरा सेकंद आयडलवर राहून इंजिन हळूहळू मंदावत गेले, किंवा थ्रॉटल पुन्हा उघडताना पांढरा धूर सोडून गुदमरले, तर आयडलचे मिश्रण रिच (इंधन जास्त असलेले) आहे किंवा प्लग कमकुवत आहे. थ्रॉटल झटकन उघडताच धूर न निघता, कळ बंद केल्यासारखे एकदम थांबले, तर आयडलचे मिश्रण लीन आहे किंवा कुठून तरी हवा आत शिरते आहे.

हवेत गेल्यावरच हे का घडते, याची दोन कारणे आहेत. विमानाला वेग मिळाला की प्रॉपवरचा (प्रोपेलरवरचा) भार हलका होतो आणि जमिनीवर ९,००० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) देणारे इंजिन त्याच थ्रॉटलवर आणखी काहीशे आरपीएम वर जाते. जमिनीवर जेमतेम पुरणारे इंधन आता कमी पडते. दुसरे कारण नाकाच्या दिशेचे आहे. विमान आडवे असताना टाकी आणि कार्ब्युरेटर जवळजवळ एका पातळीत असतात, परंतु नाक सरळ वर केले की टाकीच्या मागच्या टोकापासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे अंतर उंची बनते आणि इंजिनाला तेवढ्या उंचीवर इंधन ओढून घ्यावे लागते. जमिनीवर लावलेल्या नीडलमध्ये या दोन्ही गोष्टींसाठी राखीव जागा ठेवावी लागते.

इंधनाची वाट

दोन-तीन मिनिटांनी बंद पडण्याचे सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत कमी शोधले जाणारे कारण टाकीच्या आत असते. टाकीतील क्लंक, म्हणजे इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचे वजन, ज्या सिलिकॉनच्या नळीला लावलेला असतो ती नळी बुचातून आत आलेल्या पितळी नळीच्या टोकावर चढवलेली असते. पितळी नळी कापल्यानंतर तिची कड घासून गुळगुळीत केली नसेल, तर ती कड सिलिकॉनला आतून कापत राहते आणि तिथे केसासारखी बारीक चीर पडते. टाकी भरलेली असेपर्यंत ही चीर इंधनात बुडालेली असते, त्यामुळे काही बिघडत नाही. इंधनाची पातळी चिरेच्या खाली गेली की मात्र इंजिन इंधनाबरोबर हवाही ओढू लागते, मिश्रण लीन होते आणि इंजिन थांबते. खाली उतरल्यावर टाकी पुन्हा भरली जाते आणि दोष पुन्हा बुडतो. जमिनीवर सारे ठीक असल्याचा भास यातूनच निर्माण होतो. टाकी बाहेर काढून ती नळी बोटांनी ताणून आणि वाकवून उजेडात पाहावी. शंका वाटल्यास ती बदलावी, कारण तिची किंमत एका प्रॉपपेक्षाही कमी असते.

क्लंकचीही तपासणी याच वेळी करावी. जोरात आपटून उतरलेल्या विमानात क्लंक पुढे उडी मारून नळी दुमडून बसतो. विमान आडवे असताना त्याला इंधन मिळते, पण नाक वर होताच सगळे इंधन मागे जाते आणि पुढे अडकलेला क्लंक कोरडा पडतो. टाकी उभी धरून हलवली असता क्लंक मागच्या भिंतीला न घासता मोकळेपणाने फिरला पाहिजे.

टाकी ढाच्याला थेट टेकलेली असेल तर इंजिनाच्या कंपनांनी इंधनात फेस होतो. फोर-स्ट्रोकची कंपने टू-स्ट्रोकपेक्षा अधिक ठोसेबाज असतात, त्यामुळे टाकीभोवती स्पंज हवाच. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी पारदर्शक असेल तर पूर्ण थ्रॉटलवर मागच्या बाजूने तिच्याकडे पाहावे. एखादा बुडबुडा अधूनमधून सरकताना दिसला तर फारसे बिघडत नाही. सलग बुडबुड्यांची माळ दिसली तर टाकीत फेस होतो आहे किंवा एखादा सांधा हवा घेतो आहे. इंधनाच्या फिल्टरचे आटे हा असाच एक सांधा आहे आणि तो हाताने घट्ट केला की पुष्कळदा प्रश्न तिथेच सुटतो.

टाकीची उंचीही मोजावी. टाकीची मध्यरेषा नीडलच्या पातळीत किंवा तिच्याखाली पाच ते दहा मिलिमीटर असावी. मफलरमधून टाकीला दाब देणारी नळी जोडलेली असली तरी हा नियम बदलत नाही, कारण मफलरचा दाब आयडलवर अगदीच थोडा असतो. मफलरवरील निपलच्या आतील भोक जळलेल्या तेलाने बुजते. ते बारीक तारेने मोकळे करावे.

कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधील इनटेक पाइपच्या दोन्ही टोकांची गॅस्केट किंवा ओ-रिंग हे या वाटेचे शेवटचे ठिकाण आहे. ग्लो ड्रायव्हर (प्लगची तार तापवण्यासाठी वीज देणारे साधन) काढून ठेवावा, थ्रॉटल पूर्ण उघडावे, कार्ब्युरेटरचे तोंड बोटाने बंद करून प्रॉप हाताने फिरवावा. नळीतील इंधन प्रत्येक दुसऱ्या फेरीत पुढे सरकले पाहिजे आणि हात थांबवल्यावर लगेच मागे घसरता कामा नये. ते मागे घसरत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे.

इंधनाविषयी थोडक्यात सांगायचे तर मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्याच्या आधी उघडलेला आणि अर्धा रिकामा राहिलेला कॅन दिवाळीनंतर वापरायला काढला असेल, तर इतर काही तपासण्यापूर्वी सीलबंद कॅनमधील इंधनावर एकदा चालवून पाहावे.

कॉम्प्रेशन आणि टॅपेट

इंजिन पूर्ण थंड असताना, ग्लो ड्रायव्हर न लावता, प्रॉप हळू फिरवावा. दर दुसऱ्या फेरीला स्पष्ट, लवचिक अडथळा जाणवला पाहिजे. तो अडथळा ज्या ठिकाणी आहे तिथेच प्रॉप धरून ठेवावा आणि कान जवळ नेऊन ऐकावे. फुसफुस कार्ब्युरेटरमधून ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही. मफलरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आणि क्रँककेसच्या ब्रीदर (आतील वायू व तेल बाहेर सोडणाऱ्या) नळीतून आली तर रिंगजवळून हवा सुटते आहे. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते आणि कोणत्याही उपकरणाशिवाय इंजिनाच्या अंतरंगाची जितकी माहिती देते, तितकी दुसरी कोणतीही देत नाही. फिरवताना अडथळा अतिशय कडक, दगडासारखा लागला तर जोर करू नये. सिलिंडरमध्ये इंधन साचलेले असते आणि अशा वेळी इलेक्ट्रिक स्टार्टर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंधन बाहेर टाकावे.

टॅपेटची फट बहुतेक जपानी इंजिनांवर ०.०४ ते ०.१० मिलिमीटर ठेवायची असते. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडा अर्थातच अंतिम. हे काम फक्त थंड इंजिनावर करावे. ॲल्युमिनियमचे सिलिंडर पोलादी पुशरॉडपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे इंजिन तापले की फट वाढते. गरम इंजिनावर फट लावली तर थंड झाल्यावर ती नाहीशी होते, व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि सकाळी इंजिन सुरू करताना दमछाक होते.

रॉकरची झाकणे काढून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा, म्हणजे दोन्ही रॉकर सैल लागतील. फिलर गेजची ०.०४ची पट्टी व्हॉल्व्हच्या देठावरून सरकवावी. ती बोटांना किंचित ओढ देत आत गेली पाहिजे आणि ०.१०ची पट्टी आत जाता कामा नये. फट बदलायची असल्यास लॉकनट पान्याने सैल करून स्क्रू एलन कीने हलवावा. इथे एक गोष्ट हमखास निसटते : लॉकनट पुन्हा आवळताना तो स्क्रूलाही बरोबर थोडा फिरवतो आणि नुकतीच लावलेली फट बदलते. म्हणून स्क्रू एलन कीने धरून ठेवूनच नट आवळावा आणि आवळल्यानंतर पट्टी पुन्हा घालून पाहावी. नव्या इंजिनात पहिल्या तासाभरात व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत बसतात आणि रॉकरची टोके घासून जुळतात, तेव्हा ही तपासणी पहिल्या तासानंतर एकदा केलीच पाहिजे.

प्लग

ग्लो इंजिनाला ठिणगी देणारी वेगळी यंत्रणा नसते. प्लगमधील प्लॅटिनमयुक्त तारेवर मिथेनॉलच्या वाफेची जी उत्प्रेरक क्रिया होते ती आणि मागच्या स्फोटाची उरलेली उष्णता, या दोहोंवर पुढचा स्फोट अवलंबून असतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांनी. २,४०० आरपीएमच्या आयडलवर टू-स्ट्रोकचा प्लग २५ मिलिसेकंद तग धरतो, तर फोर-स्ट्रोकच्या प्लगला ५० मिलिसेकंद लाल राहावे लागते आणि मधल्या वेळात थंड, ओले मिश्रण त्याच्या अंगावरून जाते. म्हणून फोर-स्ट्रोकसाठी उष्णता जास्त धरून ठेवणारा प्लग लागतो. ओएस या इंजिन कंपनीचा टाइप एफ हा त्याचा सर्वपरिचित नमुना आहे. टू-स्ट्रोकसाठी घेतलेला प्लग पेटीत आहे म्हणून तोच लावणे हे आयडलच्या निम्म्या तक्रारींचे मूळ असते, असे मी निःशंकपणे म्हणेन. नायट्रोमिथेन (इंधनात मिसळला जाणारा पूरक घटक) महाग पडते म्हणून ज्यांच्या इंधनात त्याचे प्रमाण ५ टक्के किंवा त्याहून कमी असते, त्यांच्या बाबतीत तर प्लगची निवड अधिकच महत्त्वाची ठरते.

प्लग बाहेर काढून ड्रायव्हरला लावला आणि तो झगमगला, तर तो चांगला आहे असे समजू नये. तारेचा पृष्ठभाग पांढरट, खरखरीत झाला की वीज दिल्यावर ती पूर्वीसारखीच तापते, पण उत्प्रेरक म्हणून तिची ताकद गेलेली असते. तपासणी इंजिनावरच करावी. इंजिन चांगले तापल्यावर आयडलवर आणावे, ड्रायव्हर लावलेला असताना आरपीएम पाहावे आणि मग ड्रायव्हर काढावा. आरपीएम १००पेक्षा जास्त खाली आले तर प्लग बदलून पाहावा. नवा प्लग लावूनही तीच घसरण झाली तर दोष आयडलच्या मिश्रणात आहे.

इंजिन उलटे, म्हणजे सिलिंडर खाली करून बसवलेले असेल तर आयडलवर तेल प्लगवर साचते आणि तार विझते. अशा बसवणीत विमानातच बसवलेला ग्लो ड्रायव्हर, जो थ्रॉटल खाली घेताच प्लगला वीज देतो, हा योग्य उपाय आहे.

रनिंग-इन खरोखर पूर्ण झाले आहे का

वरील सर्व गोष्टी ठीक निघाल्या, तरीही नीडल एका जागी स्थिर राहत नसेल, म्हणजे सकाळी लावलेली सेटिंग दोन उड्डाणांनंतर बदलावी लागत असेल, तर रनिंग-इन अपुरे आहे असे समजावे. नव्या रिंगचा आणि सिलिंडरचा पृष्ठभाग सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो. हे उंचवटे एकमेकांवर घासून सपाट होईपर्यंत घर्षण जास्त असते आणि त्यातून निघणारी उष्णता पूर्ण थ्रॉटलवर दोन-तीन मिनिटांत साचत जाते. इंजिन तापले की घर्षण आणखी वाढते, आरपीएम खचते आणि शेवटी ते थांबते. पाच मिनिटे थंड झाल्यावर ते पुन्हा सुरळीत चालते. तक्रारीचे वर्णन आणि हे वर्णन किती तंतोतंत जुळते ते पाहावे.

रनिंग-इन करताना दोन टोकांच्या चुका होतात. काही जण एक टाकी रिचवर चालवून लगेच उडवायला घेतात. काही जण तासन्‌तास मंद आयडलवर, तेल थुंकत, चालवत राहतात. दुसरा प्रकार सुरक्षित वाटतो, पण रिंगला सिलिंडरवर दाबून धरणारी शक्ती ज्वलनाच्या वायूंचीच असते; भार नसेल तर रिंग नीट बसत नाही.

योग्य पद्धत अशी. इंधनात तेलाचे प्रमाण १८ ते २० टक्के असावे आणि त्यात थोडे डिगम्ड (चिकट घटक काढलेले) एरंडेल असल्यास उत्तम, कारण मिश्रण चुकून लीन झाले तरी एरंडेलाचा थर इतर तेलांपेक्षा जास्त तापमानापर्यंत टिकतो. प्रॉप पुस्तिकेत सुचवलेल्या मापाचाच असावा. इंजिन भक्कम स्टँडवर, धूळ नसलेल्या ठिकाणी लावावे. मोकळ्या मातीवर प्रॉप जी धूळ उडवतो ती थेट कार्ब्युरेटरमध्ये जाते आणि या इंजिनांना एअर फिल्टर नसतो. पहिली दहा मिनिटे नीडल बरीच उघडी ठेवून, थ्रॉटल कमी-जास्त करत, साधारण ४,००० आरपीएमच्या खाली चालवावे. मग इंजिन हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत थांबावे. हे थंड होणे वाया गेलेला वेळ मानू नये : तापणे आणि निवणे यांच्या प्रत्येक चक्रात धातू प्रसरण-आकुंचन पावून आपापल्या जागी बसतात.

यानंतरच्या प्रत्येक फेरीत नीडल थोडी थोडी बंद करत, रिच बाजूलाच राहून, आरपीएम वाढवत न्यावे. शेवटच्या फेऱ्यांमध्ये काही सेकंद पूर्ण थ्रॉटल आणि मग पुन्हा अर्धे, असे आलटून पालटून चालवावे. एकूण चाळीस मिनिटे ते एक तास हा अंदाज बहुतेक इंजिनांना लागू पडतो, परंतु घड्याळापेक्षा इंजिनाच्या खुणा पाहणे चांगले. ब्रीदरमधून येणारे तेल सुरुवातीला करडे-काळे, धातूची झाक असलेले असते; ते हळूहळू स्वच्छ होते. आयडल हात न लावता स्थिर राहू लागते. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे सर्वोच्च आरपीएम देणाऱ्या बिंदूपेक्षा किंचित रिच सेटिंगवर इंजिन पूर्ण थ्रॉटलला एक मिनिटभर आरपीएम न गमावता चालते. ही खूण मिळेपर्यंत विमानात इंजिन बसवण्याची घाई करू नये. बसवलेलेच असेल तर पहिली काही उड्डाणे रिच सेटिंगवर, अर्ध्या-पाऊण थ्रॉटलने करावीत.

ब्रीदरविषयी एक सूचना इथेच दिली पाहिजे. फोर-स्ट्रोकच्या क्रँककेसमधील बेअरिंगना आणि कॅमला जे वंगण मिळते ते रिंगजवळून खाली झिरपणाऱ्या तेलाचेच असते. ब्रीदरची नळी विमानाबाहेर मोकळी सोडावी. विमान स्वच्छ राहावे म्हणून ती बंद करणे इंजिनाला अपायकारक आहे.

आता नीडल

टू-स्ट्रोक चालवणाऱ्यांचा कान सूर बदलण्याच्या क्षणावर तयार झालेला असतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो क्षण तितका स्पष्ट नसतो, रिच आणि लीन यांतला फरक कानाला पुसट लागतो, म्हणून आरपीएम मोजणारा टॅकोमीटर आवश्यक आहे. टॅकोमीटर खरा आहे का, हे घरीच तपासता येते : चोक लावलेल्या जुन्या ट्यूबलाइटकडे तो धरून दोन पात्यांच्या प्रॉपची निवड केली असता आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर त्याने ३,००० दाखवले पाहिजे.

विमान मागून पक्के धरलेले असावे आणि सेटिंग करणारा माणूस प्रॉपच्या मागे असावा; प्रॉपच्या समोर किंवा त्याच्या फिरण्याच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. इंजिन मिनिटभर तापवून पूर्ण थ्रॉटल द्यावे. नीडल एकेक क्लिक बंद करत जावी आणि प्रत्येक क्लिकनंतर पाच-सहा सेकंद थांबावे, कारण फोर-स्ट्रोक बदलाला सावकाश प्रतिसाद देते. आरपीएम वाढायचे थांबले की तो सर्वोच्च बिंदू. तिथून नीडल उघडत आरपीएम २०० ते ३०० खाली आणावे. नव्या इंजिनावर ४०० खाली आणले तरी चालेल. मग थ्रॉटल पूर्ण ठेवूनच विमानाचे नाक सरळ वर करावे. आरपीएम तसेच राहिले किंवा किंचित वाढले तर सेटिंग हवेत टिकेल. ते खचले तर आणखी दोन क्लिक उघडावे आणि पुन्हा पाहावे.

आयडलची सेटिंग त्यानंतर करावी. २,२०० ते २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट चालू द्यावे आणि कार्ब्युरेटरजवळची इंधनाची नळी बोटांनी चिमटून धरावी. दोन-तीन सेकंद काही न होता आरपीएम थोडे वाढून इंजिन थांबले तर मिश्रण योग्य आहे. चिमटताक्षणी थांबले तर लीन आहे. आरपीएम बरेच वाढत गेले आणि इंजिन पाच-सहा सेकंद चालतच राहिले तर रिच आहे. आयडलच्या मिश्रणाचा स्क्रू अष्टमांश वळसाच फिरवावा, प्रत्येक बदलानंतर एकदा पूर्ण थ्रॉटल देऊन सिलिंडर साफ करावे आणि पुन्हा चिमटून पाहावे. कोणत्या दिशेला फिरवायचे हे कार्ब्युरेटरच्या प्रकारावर ठरते : दुसरी नीडल असलेल्या प्रकारात आवळल्याने मिश्रण लीन होते, तर हवेचे छिद्र असलेल्या प्रकारात आवळल्याने रिच होते. पुस्तिका न पाहता या स्क्रूला हात लावू नये. आयडल लागल्यावर पूर्ण थ्रॉटलची नीडल पुन्हा एकदा तपासावी, कारण एकीचा परिणाम दुसरीवर होतो.

सेटिंग कोणत्या हवेत केली हेही लक्षात ठेवावे. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी ३२ अंशांच्या आसपास लावलेले इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळी १२ अंशांत उडवले, तर हवा साधारण ७ टक्के घन झालेली असते आणि कालचे मिश्रण आज लीन पडते. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर आहे. तिथे लावलेले इंजिन मुंबईत किंवा अलिबागला समुद्रसपाटीवर नेले तर हाच प्रकार घडतो. दोन्ही प्रसंगी पहिले उड्डाण करण्यापूर्वी दोन-तीन क्लिक उघडून मगच नव्याने सेटिंग करावी. उलट्या दिशेने गेल्यास इंजिन रिच पडते, त्याने ताकद थोडी कमी होते, पण विमान सुखरूप परत येते.

प्रॉप सुटणे

लीन मिश्रणावर फोर-स्ट्रोक इंजिनात वेळेआधी स्फोट होतो, प्रॉपला उलटा झटका बसतो, नट सैल होतो आणि प्रॉप पुढे फेकला जातो. हा अपघात गंभीर आहे. म्हणूनच या इंजिनांना एकावर एक असे दोन नट दिलेले असतात. दुसरा नट हरवला म्हणून एकाच नटावर चालवणे कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. लाकडी प्रॉप आवळल्यावर थोडा दबतो, त्यामुळे पहिल्या काही उड्डाणांनंतर नट पुन्हा आवळावे. झटके बसू लागले आहेत असे वाटताच मिश्रण रिच करावे आणि तरीही ते थांबले नाहीत तर इंधनातील नायट्रो कमी करावे. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, तेव्हा इंधन सांडलेल्या जागी ड्रायव्हर लावण्यापूर्वी जागा पुसून कोरडी करावी.

गंज

दिवसाच्या शेवटी टाकी रिकामी करावी, इंजिन उरलेले इंधन संपेपर्यंत आयडलवर चालवावे आणि ते कोमट असतानाच प्लगच्या छिद्रातून व ब्रीदरमधून आफ्टर-रन तेलाचे काही थेंब सोडून प्रॉप हाताने फिरवावा. क्रँककेसमध्ये झिरपणाऱ्या वायूंत आम्ल आणि पाणी असते आणि कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत महिनाभर तसेच ठेवलेले इंजिन मागच्या बेअरिंगपासून गंजू लागते. गंजलेले बेअरिंग प्लग काढून प्रॉप फिरवताना खरखरीत लागते. असे बेअरिंग क्रँकशाफ्ट डगमगवते, घर्षण वाढवते आणि इंजिन तापवते. म्हणजे हवेत बंद पडण्याची तीच तक्रार वेगळ्या वाटेने परत येते. अशा वेळी बेअरिंग बदलण्याला पर्याय नाही.

बेअरिंग बदलण्यासाठी इंजिन उघडले असेल आणि जोडल्यानंतर ते सुरूच होत नसेल, किंवा सुरू होऊनही ताकद देत नसेल, तर कॅमच्या गिअरवरील खूण पाहावी. पिस्टन वरच्या टोकाला असताना ती खूण पुस्तिकेतील चित्राप्रमाणे जुळली पाहिजे. एक दाता पुढे-मागे झाला तरी कॉम्प्रेशन हाताला ठीक लागते, टॅपेटची फटही बरोबर बसते आणि इंजिन मात्र कोणत्याही नीडलवर चालत नाही.